पंचगंगेचा अंदाज आणि न उघडणारी फाईल

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर गेलं की धोका. कोल्हापुरात हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनी ते आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. पण बंधाऱ्यावरची पट्टी फक्त आत्ता पाणी कुठं आहे ते सांगते. उद्या-परवा गगनबावड्यात आणि राधानगरीच्या पाणलोटात किती कोसळणार, हे सांगणारं यंत्र पंचगंगेच्या काठावर नाही. ते पुण्याला पाषाणमध्ये आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत. लोक तिला आयआयटीएम म्हणतात.

या यंत्रांचा इतिहास आपण बहुतेक वेळा आकड्यांतून ऐकतो. किती कोटींचं, किती पेटाफ्लॉपचं, जगात कितवं. माझं म्हणणं असं आहे, मंडळी, की या इतिहासातली खरी झुंज आकड्यांची नव्हतीच. ती दोन अगदी कंटाळवाण्या गोष्टींशी होती: लायब्ररी सापडत नाही आणि फाईल वाचता येत नाही. गेली ३५ वर्षं या देशात सुपरकॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांच्या रात्री याच दोन तक्रारींत गेल्यात. आणि तुमच्या-माझ्या दारात येणाऱ्या पाण्याचा अंदाज या दोन गोष्टींवर अडतो, म्हणून हा लांबलचक लेख.

सुरुवात दिल्लीतून. १९८७ चा दुष्काळ मोठा होता. १९८८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय मध्यम-अवधी हवामान अंदाज केंद्र उभं राहिलं. त्यासाठी अमेरिकेकडून क्रे कंपनीचा संगणक हवा होता. आपण मागितला दोन प्रोसेसरचा एक्स-एमपी-२४, अमेरिकेने दिला एका प्रोसेसरचा एक्स-एमपी-१४, तोही फक्त हवामानासाठीच वापरायचा या अटीवर. ही गोष्ट आपल्याकडे अपमानाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती होतीच. त्याच काळात, १९८८ मध्येच, पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. तीन वर्षांत स्वतःचा सुपरकॉम्प्युटर करायचा होता. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ आला. (योगायोग बघा, त्याच वर्षी, त्याच विद्यापीठाच्या आवारात, जन्माने कोल्हापूरचे जयंत नारळीकर ‘आयुका’ उभी करत होते. नारळीकरांच्या घरातली एक गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.)

इथपर्यंतचा इतिहास सगळ्यांना माहीत असतो. पुढचा कुणी सांगत नाही.

क्रे आणि परम यांत मूळ फरक काय होता? क्रे म्हणजे एकच जबर पैलवान. परम म्हणजे तालमीतली ६४ पोरं. ‘परम ८०००’ मध्ये ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटर चिप होत्या. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा. काम वाटून घ्यायचं, आपापलं करायचं, मधे मधे शेजाऱ्याला आकडे द्यायचे. आज ज्याला क्लस्टर म्हणतात त्याचंच हे जुनं रूप. बाजारात मिळणाऱ्या चिपा जोडून ताकद उभी करायची ही कल्पना तेव्हा धाडसाची होती, आणि पुढे सगळं जग त्याच रस्त्याने गेलं. भटकरांच्या माणसांचं श्रेय इथे मोठं आहे.

पण ६४ पोरांना काम वाटायचं म्हटलं की दोन प्रश्न लगेच उभे राहतात. एक, हत्यारं कुणाकडे? दोन, वही कुणाकडे?

आधी वही. ट्रान्सप्युटरला स्वतःची डिस्क नसायची. फाईल वाचायची तर यजमान संगणकाला विनंती करायची, त्याने वाचून तारेतून पाठवायची. म्हणजे गणित ६४ जण करणार आणि दप्तर सांभाळणारा एकच. एका चावडीवर एकच तलाठी आणि दाखला मागायला सगळा गाव उभा, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. गणिताचा वेग वाढवला की रांग आणखी लांब होते, कारण पोरं लवकर मोकळी होऊन परत चावडीवर येतात. क्लस्टरमधल्या फाईलच्या दुखण्याचं मूळ तेव्हापासून आजपर्यंत हेच आहे. यंत्रं बदलली, रांग तशीच राहिली.

आता हत्यारं. हवामानाचा प्रोग्राम सगळं गणित स्वतः करत नाही. लहरींचं गणित, समीकरणांचे संच, निरोपांची देवाणघेवाण, फाईल लिहिणं-वाचणं, या प्रत्येकासाठी आधीच तयार करून ठेवलेले कोडचे संच असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. त्यातल्या ज्या लायब्ररी त्या विशिष्ट चिपच्या यंत्रभाषेत उतरवलेल्या असतात त्या ‘नेटिव्ह’. त्या जलद असतात, कारण त्या त्याच मातीतल्या. आणि नेमकं त्याचमुळे दुसऱ्या मातीत रुजत नाहीत. क्रेवरची लायब्ररी परमवर चालणार नाही. परमला स्वतःची प्रणाली लिहावी लागली, ‘पारस’ नावाची. पेपरात फोटो यंत्राचा आला. पारस लिहिणाऱ्यांचा फोटो मी तरी कुठं पाहिलेला नाही.

दिल्लीच्या क्रेवर जो हवामानाचा प्रोग्राम चालायचा त्याचं नाव टी-८०. सगळ्या पृथ्वीभोवती आडव्या २५६ आणि उभ्या १२८ ठिपक्यांची जाळी. म्हणजे दोन ठिपक्यांत आपल्याकडे दीडशेएक किलोमीटर. आता गगनबावडा ते शिरोळ सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. गगनबावड्यात पाऊस थांबता थांबत नाही आणि शिरोळ पूर्वेला, पावसाच्या मानाने कोरडं. टी-८० ला हे दोन्ही एकाच घरात. नुसतं एवढंच नव्हे, त्याच घरात कोकणचा किनाराही. त्या जाळीत सह्याद्रीचा घाट म्हणजे एक गुळगुळीत उतार. त्या काळात राधानगरीसाठी वेगळा अंदाज मागणं म्हणजे सातबाऱ्यावर झाडाच्या फांद्या मोजायला सांगण्यासारखं होतं.

नव्वदच्या दशकात हाच टी-८० भारतीय बनावटीच्या समांतर संगणकांवर आणायचा प्रयत्न झाला. सी-डॅकचा परम, भाभा अणुसंशोधन केंद्राचा अनुपम, बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा फ्लोसॉल्व्हर. तिथे एक विचित्र अडचण आली, जी आजही प्रत्येक नव्या क्लस्टरवर येते. प्रोग्राम चालतो, कुठलीही चूक दाखवत नाही, पण उत्तर जुन्या यंत्राशी जुळत नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रे एक्स-एमपी अपूर्णांक साठवायचा तो स्वतःच्या पद्धतीने: ६४ बिटांत १ चिन्हाचा, १५ घाताचे, ४८ मुख्य आकड्याचे. १९८५ मध्ये जगाने आयट्रिपलई ७५४ नावाचा मानक ठरवला, त्यात ६४ बिटांची वाटणी वेगळी, १, ११ आणि ५२. ट्रान्सप्युटर या नव्या मानकाने चालायचा. म्हणजे क्रेवर लिहिलेली फाईल परमवर जशीच्या तशी उचलून वाचली तर आकडे नव्हे, कचरा हाती येणार. आधी फोड करून घ्यायची, मग वाचायची. आणि फोड बरोबर केली तरी शेवटचे अंक वेगळे येणार. शिवाय ६४ जणांनी तुकड्या-तुकड्याने केलेली बेरीज आणि एकाने ओळीने केलेली बेरीज यांत शेवटच्या अंकाचा फरक पडतो, कारण संगणक प्रत्येक टप्प्यावर आकडा कापतो.

शेवटच्या अंकाने काय बिघडतं, असं वाटेल. १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या एडवर्ड लॉरेन्झनी हवामानाचं एक छोटं गणित परत चालवताना ०.५०६१२७ च्या ऐवजी छापील कागदावरचं ०.५०६ टाकलं. थोड्या वेळाने दोन्ही अंदाजांचा एकमेकांशी संबंध राहिला नाही. हवामानाचं गणितच तसं आहे. आता क्लस्टर दुरुस्त करणाऱ्याची पंचाईत बघा. नव्या यंत्रावर दहाव्या दिवसाचा पाऊस वेगळा येतोय. ही लॉरेन्झवाली नैसर्गिक फारकत, की कुठल्यातरी लायब्ररीतली खरी चूक? दोन्हींचं तोंड सारखंच दिसतं. उपाय एकच: पहिल्या काही पावलांचे आकडे दोन्ही यंत्रांवर काढायचे आणि फरक किती वेगाने वाढतो ते बघायचं. नैसर्गिक फारकत शेवटच्या अंकापासून हळूहळू वर चढते. चूक असेल तर बहुतेक वेळा फरक पहिल्याच पावलाला मोठा दिसतो. हे काम यंत्र करत नाही. माणूस बसून करतो, आठवडे घालवून.

आता मधली वर्षं झरझर ओलांडतो. १९९८ ला परम १०,०००, २००३ ला परम पद्म. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातच टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ जगात चौथा आला आणि आपल्याकडे आनंदीआनंद झाला. आनंद रास्त होता. पण तो क्रमांक कशावर ठरतो? लिनपॅक नावाच्या चाचणीवर. एक भलामोठा समीकरणांचा संच सोडवायचा. त्यात फाईल उघडण्या-मिटण्याचं काम जवळजवळ नसतंच. म्हणजे पैलवानाचं वजन केलं, कुस्ती लावलीच नाही. फाईल वाचण्या-लिहिण्याच्या वेगाची वेगळी जागतिक यादी निघायला २०१७ साल उजाडलं. आपल्या वर्तमानपत्रांनी त्या यादीवर बातमी केल्याचं माझ्या बघण्यात नाही.

आपल्या दृष्टीने खरं वळण पाषाणमध्ये आलं. आयआयटीएमकडे आधी ‘पृथ्वी’ नावाचा संगणक होता, आयबीएमच्या पॉवर-६ चिपांचा. २०१३ मध्ये ‘आदित्य’ आला, तोही आयबीएमचाच, पण आत इंटेलच्या चिपा. २०१२ पासून मान्सून मिशन सुरू झालं होतं आणि अमेरिकेतून आणलेला सीएफएस हा प्रोग्राम इथल्या पावसासाठी सुधारायचं काम चाललं होतं. प्रोग्राम तोच, फायली त्याच, कंपनीही तीच. मग अडचण काय?

पॉवर-६ आकडा लिहिताना मोठा भाग आधी लिहायचा. इंटेल लहान भाग आधी लिहितो. यासाठी मराठी माणसाला वेगळं उदाहरण नको. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितावरून किती धुरळा उडाला होता आठवतंय? ‘सत्तावीस’ ऐवजी ‘वीस सात’. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी बोलतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या (घरातली गोष्ट म्हणालो ती हीच) आणि त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने पोरं अडखळतात. चेष्टा खूप झाली. पण क्लस्टरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, त्यांचा मुद्दा त्याला चटकन कळेल. पॉवर-६ म्हणजे ‘वीस सात’वाला, इंटेल म्हणजे ‘सत्तावीस’वाला. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या सवयीने वाचलं की २७ चे ७२ होतात.

प्रत्यक्षात गोंधळ याहून भयंकर. हवामानाचे जुने प्रोग्राम फोरट्रानमध्ये असतात. फोरट्रान फाईल लिहिताना प्रत्येक नोंदीच्या आधी आणि नंतर चार बाइटांत नोंदीची लांबी लिहून ठेवतो. उलट्या सवयीच्या यंत्राने ती लांबी वाचली तर साध्या १ चे होतात १,६७,७७,२१६. प्रोग्रामला वाटतं पुढे पावणेदोन कोटींच्या आसपास बाइट आहेत, तो वाचत सुटतो, फाईल संपते, प्रोग्राम कोसळतो. पडद्यावर निरोप येतो की फाईल अपुरी आहे. फाईल तर पूर्ण असते! नवखा माणूस फाईल परत उतरवून घेतो, दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, परवानग्या तपासतो, दोन दिवस घालवतो. जाणकार फक्त कंपायलरला सांगतो की वाचताना क्रम उलटा धर. एका ओळीचं काम, पण ती ओळ कुठली हे माहीत असायला आधी कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. अमेरिकेच्या हवामान खात्यानेही त्याच वर्षी, २०१३ मध्ये, पॉवर-६ सोडून इंटेल घेतलं आणि त्यांनाही याच दिव्यातून जावं लागलं, म्हणजे हे आपल्याच कपाळी होतं असं नाही.

फायलींच्या या भानगडीवर जगाने काढलेला शहाणा उपाय म्हणजे स्वतःची ओळख स्वतः सांगणाऱ्या फायली. जागतिक हवामान संघटनेची ग्रिब आणि अमेरिकेतल्या युनिडाटाची नेटसीडीएफ. यात क्रम, एककं, अक्षांश-रेखांश सगळं फाईलमध्येच ठरलेल्या पद्धतीने असतं. यंत्र कुठलंही असो. पण या फायली वाचायला पुन्हा लायब्ररी लागते, आणि गाडी फिरून पहिल्या तक्रारीवर येते.

पॉवर-६ वरचे प्रोग्राम लहरींच्या गणितासाठी आयबीएमची ईएसएसएल लायब्ररी वापरायचे. इंटेलच्या चिपेवर ती नाही, तिथे एमकेएल. नाव वेगळं असतं तर बरं, निदान ‘सापडत नाही’ असा निरोप येतो. खरा घात एकाच नावाच्या दोन वाणांत असतो. शिवाजी उद्यमनगरातल्या कुणालाही विचारा. अर्ध्या इंची बोल्टला जुन्या ब्रिटिश बीएसडब्ल्यू मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन यूएनसी मापात १३. दिसायला दोन्ही सारखेच. नट दोन आटे सुरळीत जातो, मग घट्ट होतो, आणि पोरगं पाना लावून जोर करतं तेव्हा आटे झडतात. एमकेएलचे असेच दोन वाण आहेत. एक पूर्णांक ४ बाइटांचा धरतो, दुसरा ८ बाइटांचा. प्रोग्राम ४ चा आणि लायब्ररी ८ ची जोडली गेली, तर जोडणी बिनतक्रार होते. चालवल्यावर मात्र लायब्ररी शेजारच्या ४ बाइटांतलं जे काही असेल ते मिळून वाचते. कधी कोसळते, कधी कोसळतही नाही, नुसतं चुकीचं उत्तर देते. कोसळली तर नशीब म्हणायचं.

मग २०१८. ८ जानेवारीला पाषाणमध्ये ‘प्रत्यूष’चं उद्घाटन झालं. क्रे एक्ससी-४०, ४ पेटाफ्लॉप, १,१९,२३२ कोअर. नोएडाला त्याचा जोडीदार ‘मिहिर’, २.८ पेटाफ्लॉप. तीस वर्षांपूर्वी ज्या कंपनीचं मोठं यंत्र आपल्याला नाकारलं होतं, तिचंच यंत्र आता आपण बाजारभावाने घेतलं, हा सूड मला आवडतो. २०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर याच यंत्राच्या काळातले. जागतिक अंदाजाची जाळी आता १२ किलोमीटरवर आली होती. गगनबावडा ते शिरोळ सात घरं. घाट दिसायला लागला, पण अजून धूसर. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूर तुटतं, त्या प्रसंगासाठी प्रश्न असतो तो घाटमाथ्याच्या नेमक्या कुठल्या पट्ट्यात, किती तासांत, किती पाऊस. सात घरांत त्याचं उत्तर अर्धंच मिळतं.

क्रेच्या या पिढीत एक जुनी खोड होती. लायब्ररी प्रोग्रामला दोन प्रकारे देता येते. एक, शिदोरी बांधून: कंपायल करतानाच सगळं आत घालायचं. दोन, वाटेत खानावळीत जेवायचं: चालवताना लायब्ररी शोधायची. घरच्या लिनक्सवर दुसरी पद्धत रूढ आहे. क्रे एक्ससीवर सुरुवातीची वर्षं पहिली पद्धत ठरलेली असायची, कारण तिथल्या गणित करणाऱ्या नोडवर लिनक्सची कापलेली, हलकी आवृत्ती चालते आणि बऱ्याच खानावळी तिथे नसतातच. लॉगिन करतो त्या नोडवर मात्र सगळं असतं. म्हणून विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार: ‘सर, इथे चालतंय, रांगेत टाकलं की म्हणतंय लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाईलच नाही.’ दोघंही खरं बोलत असतात. फाईल त्याच्या नोडवर आहे, त्या नोडवर नाही. अशा वेळी पहिली गोष्ट करायची ती म्हणजे लायब्ररींची यादी मागवणारी आज्ञा लॉगिन नोडवर न देता गणित करणाऱ्या नोडवर द्यायची. अर्ध्याहून जास्त भांडणं तिथंच मिटतील.

बरं, खानावळी उघडल्या तर दुसरं संकट. समजा १,००० नोड आहेत, प्रत्येकावर ३६ प्रक्रिया. प्रत्येक प्रक्रियेला १०० लायब्ररी हव्यात आणि प्रत्येक लायब्ररी ती पाच ठिकाणी शोधते: इथं आहे का, नाही, तिथं आहे का, नाही. गुणाकार करा. १ कोटी ८० लाख चौकश्या, एकाच क्षणी. क्लस्टरवर लस्टर नावाची फाईल प्रणाली असते. ती फाईलचे तुकडे करून शेकडो डिस्कवर पसरते, म्हणून मोठी फाईल झपाट्याने वाचली जाते. पण ‘फाईल कुठं आहे’ हे सांगणारा सर्व्हर वेगळा, आणि तो एखादा-दुसराच. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत सगळ्यांनी एकदम येऊन फक्त ‘गाभारा कुठं?’ विचारलं तर काय होईल, तसं. गणिताला सुरुवातच होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं संगणक बंद पडला. तो बंद नसतो, तो पत्ते सांगत असतो. उपाय जुनाच, चावडीवरचा: गावातून एकाने जायचं, सगळ्यांचे कागद आणायचे आणि वाटायचे. एक प्रक्रिया वाचते, जाळ्यावरून इतरांना देते. किंवा लायब्ररी आधीच प्रत्येक नोडच्या स्मृतीत नेऊन ठेवायच्या.

आता सप्टेंबर २०२४. २६ तारखेला पंतप्रधानांच्या हस्ते ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ राष्ट्राला अर्पण झाले. पाषाणचा अर्क ११.७७ पेटाफ्लॉप, नोएडाचा अरुणिका ८.२४. दोन्हींचा मिळून खर्च ८५० कोटी असं जाहीर झालं. यावर चालणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ २६ मे २०२५ ला सुरू झाली. जाळी ६ किलोमीटरची. प्रत्यूषला जे गणित करायला दहा तास लागायचे ते अर्क चार तासांत करतो, असं तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितलं.

बारा वरून सहा ऐकायला निम्मं वाटतं. पण आडवे-उभे मिळून ठिपके चौपट होतात आणि ठिपके जवळ आले की काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे गणित आठपट. आणि प्रत्येक वेळी लिहायची फाईल चौपट. यंत्राची ताकद वाढली तिपटीच्या आत. मग उरलेलं कुठून आलं? जाळीची रचना बदलून, कोड नव्याने बसवून, फाईल लिहायची पद्धत सुधारून. म्हणजे माणसांनी केलेल्या कामातून.

सप्टेंबर ते मे, आठ महिने. उद्घाटनाची फीत कापल्यापासून अंदाज देशाला मिळेपर्यंतचा हा काळ, आणि त्यात हा लेख ज्याबद्दल आहे ते सगळं सामावलंय: कंपायलर बदलले, लायब्ररी बदलल्या, जुन्या यंत्रावरच्या उत्तरांशी ताळा जुळवला. मला यावर टीका करायची नाही. उलट इतक्या कमी वेळात हे झालं याचं कौतुकच आहे. माझी तक्रार आपल्या प्रश्नांबद्दल आहे. खासदार विचारतात किती कोटी. पत्रकार विचारतात कितवा क्रमांक. पाच-सहा वर्षांनी यंत्र बदलतं हे पृथ्वी, आदित्य, प्रत्यूष, अर्क या रांगेवरून सरळ दिसतं. मग प्रत्येक बदलाच्या वेळी प्रोग्राम नव्या मातीत रुजवणारी किती माणसं कायम नोकरीत आहेत आणि किती कंत्राटावर, हा प्रश्न ८५० कोटींच्या बातमीसोबत का येत नाही? कंत्राट संपून माणूस गेला की ती कंपायलरची एक ओळ त्याच्याबरोबर जाते. पुढच्या वेळी कुणीतरी पुन्हा दोन दिवस फाईलच्या परवानग्या तपासत बसतो. आणि ते दोन दिवस जुलैमधले असतील तर?

आपल्या शिवाजी विद्यापीठात, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत दरवर्षी शेकड्याने पोरं संगणकशास्त्र शिकून बाहेर पडतात. त्यांना मोबाईल ॲप करायला शिकवतात, ते चांगलंच. पण चार जुने पीसी जोडून क्लस्टर करायचा, त्यावर नेटसीडीएफ आणि एमपीआय स्वतः कंपायल करून बसवायचं, एका नोडवरून लायब्ररी मुद्दाम गायब करायची आणि ‘सापडत नाही’चा निरोप वाचून कारण शोधायला लावायचं, हे प्रात्यक्षिक फुकटात होतं. डब्ल्यूआरएफ हा हवामानाचा प्रोग्राम कुणालाही मोफत मिळतो. पंचगंगेच्या खोऱ्याची छोटी जाळी त्यावर मांडता येते. अंदाज खात्याच्या तोडीचा येणार नाही, येऊही नये. पण पाषाणला लागणारी माणसं अशाच खोल्यांतून तयार होतात.

राहता राहिला आपला संबंध. २४ ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खात्याचा ग्रामपंचायतनिहाय अंदाज ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत ॲपवर मिळतो. सहा किलोमीटरच्या जाळीत गगनबावडा ते शिरोळ आता तेरा-चौदा घरं आहेत. या पावसाळ्यात एक करून बघा. गगनबावडा तालुक्यातली एक ग्रामपंचायत घ्या, राधानगरीतली एक आणि शिरोळमधली एक. तिन्हींचा उद्याचा आकडा आज रात्री वहीत लिहून ठेवा. पावसाची मोजणी सकाळी साडेआठला होते, त्यानंतर तहसीलचा आकडा येतो, तो शेजारी लिहा. जून ते सप्टेंबरची अशी वही कुणाकडे तयार झाली तर मला जरूर दाखवा, शेजारी राजाराम बंधाऱ्याची रोजची पातळी मी लिहून ठेवतो.